अळणी मॉडेल

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा आधीच हसून घ्या. चिमूटभर मिठापायी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आख्खा कारखाना जवळपास बंद पाडलेला.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. स्टॅटिस्टिक्स शिकून नुकताच नोकरीला लागलेलो, प्रोबेशनवर. डोंबिवलीच्या वासंतीशी लग्न ठरता ठरता अडलेलं. मला ती पसंत, तिला मी पसंत. पण तिच्या वडिलांचं एकच, "आधी पर्मनंट व्हा, मग मुहूर्त बघू." तेव्हा डोंबिवलीत मुलाचे नाकडोळे कोण बघायचं हो? पर्मनंटचं पत्र बघायचे.

अशात आमच्या मालकांना हार्ट अटॅक आला. वाचले, आणि वाचल्यावर त्यांना कामगारांच्या हृदयाचा पुळका आला. मला बोलावून म्हणाले, "ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाटू, बिड्या सोडवू, की कँटीनमधलं मीठ कमी करू? कशाने जास्त लोक वाचतील, गणित करून सांग. जमलं तर तू पर्मनंट."

झालं, माझ्या अंगात आलं. कंपनीत नवाच कॉम्प्युटर आलेला, देवळात जातात तशा चपला बाहेर काढून आत जायचं. तिथे बसून मी मॉडेल बनवलं. गोळ्या लोक विसरतात. बिड्या सुटत नाहीत. पण मीठ सगळ्यांच्याच ताटात थोडं कमी केलं, की सगळ्यांचंच ब्लडप्रेशर थोडं उतरतं. मीठ जिंकलं! खाली ठळक अक्षरात गृहीतक लिहिलं, 'माणूस ताटात पडेल ते मुकाट्याने खातो.' वासंतीलाही ऐटीत वाचून दाखवलं.

आणि हे लिहिलं कोणी? जो आमटी जरा बिघडली की आईसमोर ताट सरकवायचा, त्याने.

"कामगारांना आधी सांगायचं का?" मालकांनी विचारलं.

"छे, सांगितलं की लगेच चव कळते," मी म्हणालो. काय ती अक्कल!

सोमवारी कँटीनची आमटी अळणी. लोकांना वाटलं, आचारी विसरला. मंगळवारीही अळणी, तेव्हा आचाऱ्याच्या सात पिढ्या निघाल्या. बुधवारी चेंदणीचा एक कोळी फिटर घरून खारवलेले सुके बोंबील घेऊन आला, आणि गुरुवारी टेबलाटेबलावर बोंबील, लोणचं, खारातल्या मिरच्या. माझ्या मॉडेलमध्ये बोंबील नव्हता. मीठ कमी व्हायचं सोडून पहिल्यापेक्षा जास्त पोटात जायला लागलं.

इथवरही ठीक होतं. पण कोणीतरी बोललं, "मिठालाही पैसे नाहीत, म्हणजे कंपनी बुडाली." आसपासचे कारखाने तेव्हा खरंच बंद पडत होते, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत अफवेत मालकांनी जमीन विकलीसुद्धा, आणि शुक्रवारी गेटवर सभा.

मालक खाली आले आणि दर सभेत बोलायचे तेच सवयीने बोलून गेले, "कंपनीचं मीठ खाताय, खाल्ल्या मिठाला जागा."

युनियनचा पुढारी पाटील, दिव्याचा आगरी. तो शांतपणे म्हणाला, "सायब, माजा बापूस मिठागरान राबला. मिठाचा मना सांगू नका. तुमी मीठच घालीत नाय, तं आमी जागाचा कशाला?"

सगळं गेट हसलं. मालकांचा हात छातीवर गेला. डॉक्टर धावत आला, तर निघाला गॅस. माझ्या मॉडेलने अटॅक टळायचे होते, इथे एक आणायचाच बाकी होता.

मीठ परत आलं, आणि ते काढायला लावलं कोणी हेही सगळ्यांना कळलं. मी राजीनामा लिहूनच केबिनमध्ये गेलेलो. मालकांनी तो वाचलासुद्धा नाही. "पाटील म्हणतो, या पोराला आमच्या हवाली करा. तुला पर्मनंट करतोय, कँटीन खात्यात. रोजची आमटी आधी तू चाखायची."

सासऱ्यांनी पत्रातलं 'पर्मनंट' वाचलं, खातं वाचलं नाही. लग्न झालं. वासंतीने पहिल्यांदा स्वयंपाक केला, मी आमटीचा भुरका मारला आणि थांबलो.

"मीठ राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. बाबांच्या ब्लडप्रेशरमुळे आमच्याकडे असंच करतात," ती भात वाढत म्हणाली. "आणि माणूस ताटात पडेल ते मुकाट्याने खातो, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

कारखान्यात माझं ते गृहीतक आठवडाभरही टिकलं नाही. आमच्या घरात मात्र ते आजतागायत एकदाही खोटं ठरलेलं नाही.