दारच्या कडुलिंबाची नाडी

आमच्या घरात ज्याला वाचता येतं त्याला सगळंच कळतं, असा एक समज होता. मी मराठी सात यत्ता शिकलेलो, त्यामुळे तो समज मोडायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. पत्र आलं की माझ्याकडे, कुणाला खोकला झाला की माझ्याकडे. म्हणून दारचा कडुलिंब वाळायला लागला तेव्हा त्याची नाडीही मीच बघितली. पोरांना ही गोष्ट मी हसवत सांगतो आणि निम्म्यावर आणून सोडतो. इथं पुरी सांगतो.

शहापुरात आमची एक लांबलचक इमारत होती, पाच बिऱ्हाडांची. चार खोल्यांत माग आणि पाचवीत एक विधवा रंगारीण. तिला सगळे आक्का म्हणत. आमचं सूत ती रंगवून द्यायची. तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी जांभळे, मूळचे कसे ते कुणी पाहिलं नव्हतं. समोर रस्त्याच्या कडेला लिंब. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, आम्ही रस्त्यावर लांब ताणायचो. त्याचं एक टोक लिंबाला, दुसरं पलीकडच्या खांबाला, आणि मग कुंच्यानं खळ, म्हणजे पिठाची कांजी, लावायची. खळ सावलीत सावकाश सुकली तर धागा टिकतो. उन्हात ती तडकते आणि मागावर धागा तुटत राहतो. त्या झाडाच्या सावलीवर चार घरच्या चुली पेटत होत्या म्हणा ना.

लढाई चालू होती त्या दिवसांत लिंब शेंड्याकडून वाळायला लागला. पालवीच्या दिवसांत पालवी आली नाही. आली ती पानं बारकी, पिवळी, आठवड्यात गळालेली.

मी वैद्यासारखं झाडाला दोन वेळा प्रदक्षिणा घातली. पान चावलं, कडू लागलं, म्हणजे त्यात नवीन काही नव्हतं. मग बुंध्याशी बसून माती चाखली. आंबट लागली, आणि जीभ दोन दिवस जांभळी राहिली. जीभ बघून बायको म्हणाली, "झाडाचं राहू द्या, आधी तुमचं बघा." पण मला रोग सापडला होता. आक्का रंगाचं उरलेलं पाणी रोज लिंबाच्या बुडात ओतायची.

आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पाचही बिऱ्हाडं ओट्यावर बोलावली. मी जीभ काढून सगळ्यांना दाखवली. लोक हसले, पण पटलं त्यांना.

आक्का दाराशी उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, रंगल्यालं सूत मी सावलीतच वाळिवतो न्हवं? उनात रंग उडतोय. मग माझं झाड मीच मारीन व्हय?"

"जाणूनबुजून केलं असं कोण म्हणतंय?" मी म्हणालो. मोठ्या समजूतदारपणे म्हणालो.

"लई शिकलायस," ती म्हणाली, आणि आत गेली.

पंधरा दिवसांत तिनं खोली सोडली. दुसऱ्या कुठल्या इमारतीत तिला जागा मिळेना, कारण झाड मारणारी रंगारीण ही बातमी आमच्याच ओट्यावरून वडगावपर्यंत गेली होती. रंगाची कढई गाडीत घालून ती संकेश्वरला भावाकडे गेली. आणि सांगायला जड जातं, पण तिच्या खोलीत आम्ही दुसरा माग बसवला. विणणाऱ्याचे पाय सोडायला जमिनीत खड्डा खणून, धाकट्या भावासाठी. खोलीवर माझा डोळा आधीपासून होता का? तेव्हा नव्हता असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही.

रंगाचं पाणी बंद झालं, पण लिंब आणखी वाळला. तेव्हा उचगावचे मामा आले. शेतकरी माणूस, अक्षरशत्रू. त्यांनी काही चाखलं नाही. कुदळीनं बुड उकरून एक मूळ कापलं. आतून पांढरं, ओलं.

"मूळ जित्तं हाय," ते म्हणाले. "दुखणं वर हाय." मग हात बुंध्यावरून वर सरकवत नेला आणि कमरेच्या उंचीवर थांबवला. "हितं बघ. वर सुजलंय, खाली बारीक राहिलंय. गळा आवळलाय रं कुणीतरी."

ताणा रोज दोरानं बांधायचा वेळ वाचावा म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी मी सुताच्या गठ्ठ्याला आवळलेली लोखंडी पट्टी काढून लिंबाभोवती घट्ट ठोकली होती, ताणा अडकवायच्या आकड्यासकट. तेव्हा अख्ख्या इमारतीनं माझ्या डोक्याचं कौतुक केलं होतं. झाड वाढलं, पट्टी वाढली नाही. साल तिच्यावर चढली, आणि बाहेर राहिला तो नुसता आकडा. त्या आकड्याला आम्ही चारही घरं रोज सकाळी ताणा अडकवत होतो. झाड कशानं मरतंय ते शोधत होतो तेव्हाही अडकवत होतो.

"कुणी घातली ही?" मामांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आप्पा कुंचा धुवायला आत गेले.

छिन्नीनं पट्टी तोडली, पण उशीर झाला होता. मी सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरला गेलो. आक्का दुसऱ्याच्या मळ्यात भांगलण करून, तण खुरपून नुकतीच आली होती. मी सगळं सांगितलं. पट्टी माझी, हेही सांगितलं.

"झाड फुटतंय का आता?"

"न्हाय."

"माझी खोली?"

"माग बसवलाय."

"खड्डा खणलासा?"

"व्हय."

तिनं तांब्या पुढं केला. हातांवर रंगाचा ठिपका नव्हता. नखांत फक्त माती. मूळचे हात सावळे होते.

"पाणी पी आन जा," ती म्हणाली. "मोटार चुकंल."

लिंब पुढच्या उन्हाळ्यात पुरता गेला. फांद्या जळणाला गेल्या. खोड मात्र आम्ही तोडलं नाही. ताणा बांधायला दुसरं काही नाही. खळ आता उन्हात तडकते, धागे तुटतात, आणि मी रोज सकाळी दोर घेऊन जातो, त्या खोडाला गाठ मारतो आणि संध्याकाळी आठवणीनं सोडतो.