शेजारची खुर्ची

माझी बायको मंगळवारी गेली. त्यानंतरच्या रविवारी सवयीने मी गाडी काढली आणि राजधानीच्या द्वारका भागातल्या तिच्या चर्चसमोर, नेहमीच्या कडुनिंबाखाली उभी केली. चार वर्षं मी तिला तिथे सोडायचो आणि उपासना संपेपर्यंत गाडीत पुस्तक वाचत बसायचो. "आत कुणी खात नाही हं तुला," ती उतरताना म्हणायची. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." उपासनेनंतर सगळ्यांना वेलचीचा चहा असे. एक मल्याळी आंटी माझा कप गाडीपर्यंत आणून द्यायच्या आणि मी अर्धीच काच खाली करून तो घ्यायचो. त्या दिवशी चहाचा तोच वास आला, पण आंटींच्या हातात कप नव्हता. त्यांनी दार उघडलं. "चलो भाईसाहब, आज अंदर पीना." आत तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं. "ये आपकी है. हर संडे इस पे अपना पर्स रखती थी. कोई बैठने लगे तो बोलती, मेरे हज़्बंड गाड़ी पार्क कर रहे हैं, आते ही होंगे. हम लोग हँसते थे, इतनी लंबी पार्किंग!" त्या हसल्या आणि हसताहसताच त्यांनी पदराने डोळे पुसले. मला मान वर करता आली नाही. आता मी दर रविवारी त्या खुर्चीवर बसतो. शेजारची खुर्ची तिची. तिच्यावर मी माझं पुस्तक ठेवतो, न उघडता.