अ‍ॅम्प्लिफायर आणि नानांच्या गाठी

मुंबईहून आलेलं खोकं मी जळगाव स्टेशनापासून घरापर्यंत मांडीवर घेऊन आणलं. टांगेवाला दोनदा म्हणाला, मागं ठेवा. मी ऐकलं नाही. आत अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग होते: भोकं पाडलेला पत्र्याचा सांगाडा, पेंढ्यात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, कापसात निजवलेले काचेचे चार व्हॉल्व्ह, एक स्पीकर, रंगीत पट्ट्यांचे इवलेसे तुकडे आणि जोडणीचा एक इंग्रजी नकाशा. हे सगळं आपल्या हातानं जोडायचं, की माइकवर म्हटलेलं गल्लीभर ऐकू जाणार! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा मी जिनिंगच्या कारखान्यात कारकून होतो आणि अक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, राहत होतो. चोपड्याकडे आमची केळीची बाग. आई गेल्यापासून नाना, आमचे वडील, ती एकटेच बघायचे आणि मी परत यावं म्हणून निरोपावर निरोप धाडायचे. मला मात्र जळगावात रेडिओदुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. शेवटी नानांनी अट घातली. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला ते अक्काकडे येणार होते. तोवर माझं खोकं बोललं तर मी खुशाल जळगावात राहावं, नाही बोललं तर सोमवारी त्यांच्याबरोबर गाव गाठावं. मी ताबडतोब कबूल झालो. तेव्हा सांगाड्याला एक तारही लागलेली नव्हती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि बायका तिची गाणी म्हणतात. अक्काचा आवाज खणखणीत. तोच माइकमधून काढायचा, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

कामावरून आलो की शेगडीवर तांब्याचा खिळा तापवायचा आणि एकेक तार झाळायची. शेगडी अडवली म्हणून अक्का रोज करवादायची. तारांचा तो गुंता बघून हे यंत्र आहे की चिमणीचं घरटं, असंही तिनं एकदा विचारलं. पण शुक्रवारी संध्याकाळी व्हॉल्व्ह पेटले! आत नारिंगी उजेड आला. माइक अजून नव्हता, म्हणून माइकच्या तारेला नुसतं बोट लावलं, तर स्पीकर घुर्र करून गुरगुरला. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्काला गरागरा फिरवलं. तिच्या हातातली पळी उडाली.

रविवारी सकाळी नाना आले. मखरासाठी केळीचे खांब आणि बांधायला ओल्या सोपटाचं भेंडोळं घेऊन आले. सोपट म्हणजे खांबाची सोललेली साल. भिजवली की दोरीसारखी वळते. आमच्याकडे घोसापासून छपरापर्यंत सगळं त्यानंच बांधतात. मी त्यांना नमस्कार करून उसना माइक आणायला पिंप्राळ्याला पळालो.

दुपारी परतलो तेव्हा बायका जमू लागल्या होत्या. मी ऐटीत बटण दाबलं. आधी बारीक घूं आली, मग ती वाढत गेली आणि एका व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा लाल झाला. जळका वास सुटला. मी बटण बंद करून प्लग काढला. डोळ्यांपुढे सोमवारची गावाकडची मोटार उभी राहिली.

जरा वेळानं सांगाडा उलटा केला आणि बघतच राहिलो. चिमणीचं घरटं गायब होतं. सगळ्या तारा सरळ रेषेत, चारचार बोटांवर सोपटाची एकेक गाठ. गाठी इतक्या देखण्या, की घोसावरही तशा बसत नाहीत. आणि सगळ्या ओल्या. तारांवरचं सुती वेष्टण भिजलं होतं आणि वीज त्या ओलीतून नको तिथं झिरपत होती.

माझं डोकंच फिरलं. हात लावायला कुणी सांगितलं होतं, असं मी नानांवर ओरडलो. दारात बायका उभ्या होत्या. जन्मात कधी मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"बठ्ठं मोकळं व्हतं," नाना म्हणाले, "म्हनीसन बांधं."

सगळ्या तारा सुट्या दिसल्या म्हणून त्यांनी बांधल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, घोटाळा कशानं झाला. ओलीनं, मी सांगितलं. ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. खोकं बोललं नव्हतं, अट त्यांच्या बाजूनं होती. पण त्यांनी कमरेचा चाकू काढला, यंत्रापुढे मांडी घातली आणि आपल्याच गाठी एकेक करून कापल्या. एकाही तारेला चरा गेला नाही. मग अक्काकडून शेगडी मागितली, सांगाडा अंतरावर धरला आणि सुपानं वारा घालत तासभर तारा वाळवल्या. मला हात लावू दिला नाही.

मी पुन्हा बटण दाबलं. घूं नाही. पत्रा काळाच राहिला. अक्का माइकपुढे लाजली, खाकरली आणि गाऊ लागली, आणि तिचा आवाज असा काही उसळून बाहेर पडला की तीच दचकली! पलीकडच्या आळीतून माणसं धावत आली. मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता यायचं नाही.

नाना मात्र घरात नव्हते. बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, "मारुतीना पारलगून ऐकू येस." आवाज कुठवर पोचतो ते बघायला ते मारुतीच्या पारापर्यंत चालत गेले होते.

सोमवारी कानबाईला निरोप दिला आणि मी त्यांना मोटारीवर पोचवायला गेलो. कालच्या बोलण्याची माफी मागायची होती, पण मी मोटारीच्या वेळेचंच बोलत राहिलो.

"तू आठेच ऱ्हाय," पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले. "गावमा ईज ऊनी का पहिलं आपला घर लाव."

मोटार हलली. मला राहायला मिळालं होतं, वर गावात वीज आली की हे खोकं पहिलं आपल्या घरी लाव, असंही नाना म्हणाले होते; मी हवेत होतो. मग खिडकीत त्यांचं पागोटं दिसलं, शेजारची जागा रिकामी होती, आणि आता यापुढेही बागेत ते एकटेच असणार हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.