नावेला पाणी पाजताना

तुडुंब भरलेल्या तलावात नाव उभी असली, की तिच्या पोटाखालून पाण्याचा एक बारीक आवाज येत राहतो. मांजर वाटीतले दूध चाटते तसा, घाई नसलेला, तृप्त. तो ऐकायचा तर नावेच्या तळाशी बसावे लागते आणि सोबतच्यांनी थोडा वेळ गप्प राहावे लागते. मला दोन्ही छान जमत असे. गप्प राहणे तर इतके, की नागपूरच्या वसतिगृहात एकदा मुली मला विसरून खोलीला बाहेरून कडी घालून जेवायला निघून गेल्या! शाळेत इंग्रजी बोलायचे, घरी मराठी. आणि दोन्हीकडे माझे वाक्य मनात नीट जुळेपर्यंत बोलण्याचा विषय पुढच्या वळणाला पोचलेला असे. नावेत मात्र कोणी माझ्या उत्तरासाठी खोळंबलेले नसे. पाणी आपले बोलत राही आणि मला ऐकून घेण्याचे तेवढे काम असे. तुमच्याही आयुष्यात अशी एखादी जागा असेल ना, जिथे न बोलणे हा उणेपणा ठरत नाही?

आमचे गाव लाखांदूरच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. बाबांचा धानाचा व्यापार. गावाच्या उगवतीला तो तलाव, आणि तलावावर बिसनकाका. मासे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यासाठी एका ओंडक्यातून कोरलेला अरुंद डोंगा त्यांच्याकडे होता. पण त्यांचा जीव होता तो फळ्या जोडून केलेल्या मोठ्या नावेत. ती केवळ लोकांना फिरवून आणण्यासाठी. रविवारी मास्तर सहकुटुंब येत, लाखांदूरहून एस.टी.ने नवी जोडपी येत, आणि दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, की त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नावेसाठी ही रांग लागे! त्या एका दिवसाच्या कमाईवर काकांच्या घरात हिवाळ्याची पांघरुणे येत. कमळांच्या पट्ट्यापर्यंत जायचे, पलीकडच्या देवळासमोर वळायचे आणि परतायचे, एवढाच तो प्रवास. प्रत्येक सुट्टीत मी तो कितीदा केला, मला आठवत नाही. काका मला कधी नाही म्हणाले नाहीत, एवढे आठवते.

सत्तरचे दशक संपत आले होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि तलाव भरलाच नाही. दुष्काळ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते. परंतु तलावाकाठच्या गावात तो आधी नावेच्या प्रवासात उतरतो. प्रथम देवळासमोरचे वळण सुटले. मग कमळांचा पट्टा कोरडा पडला. एरवी पाण्याखाली निजलेले झाडांचे जुने बुंधे एकेक करून डोके वर काढू लागले आणि काका त्यांना चुकवत नाव नेऊ लागले, गर्दीतून सायकल काढावी तशी. पायऱ्यांपासून पाणी दूर गेले. नटून आलेल्या सुना चपला हातात घेऊन चिखलातून नावेपर्यंत जात. पुढे पुढे त्याही येईनाशा झाल्या. दिवाळीच्या आधी लोंब्या भरायच्या वेळी पंचांनी पाळीतली मोरी उघडून उरलेले पाणी धानाला सोडले, आणि ते योग्यच होते. नावेपुरते तरी पाणी ठेवा, असे काका म्हणाले नाहीत. त्या वर्षीच्या मंडईत ते रिकाम्या पाळीवर बसून होते. लोक येत, तलावाकडे पाहत आणि जिलेबीच्या दुकानाकडे वळत.

मे महिन्यात मी सुट्टीला आले तेव्हा तलावाच्या मधल्या खोलगट भागात तेवढे पाणी उरले होते, जेमतेम कमरेइतके. त्यात म्हशी डुंबत आणि काठावर बायका धुणी धूत. बिसनकाका गावात नव्हते. वैनगंगेच्या डोहांत अजून मासे मिळत होते, म्हणून ते सगळ्या घरासह पवनीकडच्या नातेवाइकांकडे गेले होते. आणि त्या पाण्यात मला नाव दिसली. बुडालेली! काठ तेवढे वर, आत गढूळ पाणी आणि कोणी टाकले कोण जाणे, मोठमोठे दगड. माणसे दूर गेली, पाणी आटले, आणि या मुक्या जिवाकडे बघायला कोणी उरले नाही, असे मला वाटले. खरे सांगायचे तर त्या नावेत मी स्वतःलाच पाहत होते, आणि स्वतःची कीव करताना माणूस फार चौकशी करीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या गोदामातले चार हमाल सोबत नेले. त्यांच्यातला थोरला पाण्यात उतरता उतरता थांबला. "बिसनले विचारलं का, बाई?" तो म्हणाला. विचारले नाही, काका इथे नाहीत, पण नाव वाचवायला हवी, असे तीन-चार वाक्यांचे उत्तर द्यावे लागले असते. त्यापेक्षा सोपे होते ते मी केले. होकाराची मान हलवली. त्यांनी दगड काढले, नाव ओढत पाळीवर आणली, उपडी केली. मी स्वतः तिचा गाळ धुतला, फडक्याने तिला पुसले आणि छान वाळावी म्हणून भर उन्हात ठेवून समाधानाने घरी गेले. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

जूनच्या सुरुवातीला काका परतले. मी धावत पाळीवर गेले. ते नावेपाशी उकिडवे बसले होते आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीत त्यांचे बोट पेरापर्यंत आत गेले होते.

"कोनं काढली वं हे?"

"मी."

"तूनं? काहून?"

"बुडाली होती ना, काका."

त्यांनी बोट फटीतून काढून घेतले. मग हळूच म्हणाले, "बुडाली नोती, बाई. म्या ठेवली होती. गोटे भरूनशान, जपून. लाकूड पान्यात फुगून राहते, तं फटी मिटून राहतात. उन्हात टाकलं का असं तोंड वासते."

"हमालांनी विचारलं होतं. मी नुसती मान हलवली."

"मान हलवली!" त्यांनी कपाळावर हात मारला. "मंग देवानं तोंड कायले देल्लं वं तुले?"

ते मोठ्याने रागावले असते तर बरे झाले असते. मी विचारले, आता काय करायचे? त्यांनी तलावाकडे पाहिले. आता त्यात घोट्याएवढेच पाणी उरले होते. नाव पुन्हा बुडवण्याची सोय राहिली नव्हती. "आता काय! जेवढी तहान लागली तेवढं पाजा लागन," ते म्हणाले. "मंडईले तरंगली तं तरंगली. नाई तं चुलीत."

चुलीत! तो एक शब्द घेऊन मी घरी आले. बाबांना सगळे सांगितले. इतके सलग बोलताना त्यांनी मला प्रथमच पाहिले असावे. त्यांनी गोदामातला जुना बारदाना काढून दिला. आम्ही नाव पाळीवरच्या चिंचेच्या सावलीत नेली, ती पोती तिच्यावर आणि आत अंथरली, आणि मी सकाळ-संध्याकाळ त्या डबक्यातले गढूळ पाणी बादलीने आणून तिच्यावर ओतू लागले. पाणी फटींतून खाली गळून जाई. पोती तासाभरात कडक होत. तहान म्हणजे काय, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते. लाकडाला लागलेली तहान मात्र तेव्हाच पाहिली.

गावात पाण्याची ओढ होती. विहिरीवर बायका तासन् तास उभ्या राहत. तिथे एक मुलगी बादल्या भरभरून नावेवर ओततेय, ही गोष्ट लपणार कशी? आमच्या घरामागच्या आळीत राहणाऱ्या पार्बताबाईंची जीभ भारी तिखट. धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "पाहा वं माय! इंग्रजी शिकूनशान नावेले आंघोळ घालून राहिली. अन् आमची पोरं चार दिसापासून बिनआंघोळीची!"

बायका हसल्या. मी हसले नाही, कारण ते खरे होते. डबक्यातले ते पाणी पिण्याजोगे नव्हते, तरी पाणीच होते. त्या दिवशी मी बादली अर्धीच भरली.

दुसऱ्या दिवशी त्याच पार्बताबाई धुणे पिळून आल्या आणि नावेपाशी थबकल्या. खळबळलेल्या कपड्यांचे पाणी त्यांनी फेकले नव्हते. घमेल्यात तसेच आणले होते.

"साबनाचं हाये. चालते का तुह्या नावेले?"

"चालते."

"मंग घे. काई नाई तं गोरी तरी होईन." आणि त्यांनी ते पाणी पोत्यांवर उपडे केले.

त्यानंतर कोणी सांगितले नाही, कोणी ठरवले नाही. पण धुण्याहून परतणारी प्रत्येक बाई दोन पावले वाकडी करून चिंचेखाली येऊ लागली. कोणी तांदूळ धुतलेले पाणी आणले, कोणी भांडी विसळलेले. माझ्याशी बोलायला त्यांना फुरसत नव्हती. पाणी ओतायचे, नाव कुठवर मिटली ते बघायचे, माझ्या इंग्रजीची थोडी थट्टा करायची आणि घागर उचलून निघायचे. ज्यांना पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागत होते त्यांनी एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरले, आणि तेही कशासाठी, तर हौसेच्या एका नावेसाठी, जिच्यात त्यांच्यापैकी कोणीच कधी बसली नव्हती! आजही कुणाच्या उदारपणाविषयी मोठे शब्द ऐकले, की मला ते साबणाचे पाणी आठवते, आणि माझी मान आपोआप खाली जाते.

शाळा उघडल्यावर मी नागपूरला परतले. पावसाळ्यात बाबांचे पत्र आले. घरच्या मजकुराखाली एकच ओळ होती: नाव पाण्यात आहे, परंतु पाणीही नावेत आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पुढे काकांनी फटींत कापूस ठासला, वरून डांबर भरले, हे मला दिवाळीला गेल्यावर कळले. मंडईच्या सकाळी मी पाळीवर गेले. तलाव भरला होता. नाव उभी होती, पाण्यावर, थोडीशी एका बाजूला कललेली. रांगेत सर्वांत पुढे नवा कोट घातलेले मास्तर होते. काकांनी त्यांना हाताने थांबवले आणि पाळीवरच्या बायकांकडे वळून हाक दिली, "नावेले ज्याईनं पानी पाजलं, थे आधी बसतीन!"

"आमाले काय करा लागते नावेत बसूनशान?" बायका मागे सरल्या. एकमेकींना ढकलण्यात बराच वेळ गेला. शेवटी पार्बताबाई पदर खोचून चढल्या, तशा बाकीच्याही चढल्या. माझ्या हातात काकांनी तुपाचा रिकामा डबा दिला. एक फट शेवटपर्यंत मिटली नव्हती, तिच्यातून पाणी झिरपत होते. "तू उपस. हे तुहंच काम हाये," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मान हलवायचे विसरून मी मोठ्याने हो म्हणाले.

पार्बताबाईंनी माझे मनगट घट्ट धरले होते. "पोहता येते ना वं तुले?"

"नाही."

"अन् मी तुले धरून बसली!"

सगळ्या हसल्या, पण हात सुटला नाही. तलावाच्या मध्यावर तो आपोआप सैल झाला. पार्बताबाई मागे वळून पाहत होत्या. पाळ, चिंचा, चिंचांच्या मागे कौलांची उतरण आणि एका छपरावर वाळत घातलेले लाल लुगडे. जन्मभर त्या तलावाच्या काठाने फिरल्या होत्या, घागर घेऊन, धुणे घेऊन; पाण्याकडे तोंड करून येत आणि पाण्याकडे पाठ करून जात. पाण्यावरून गाव कसे दिसते, हे बघायला त्यांना कोण नेणार होते? मी मात्र दर सुट्टीत ते पाहिले होते आणि ते आपलेच आहे असे समजून चालले होते.

"थे आमचं घर होय का वं?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"हो, तुमचंच," मी म्हणाले. या वेळी वाक्य जुळवावे लागले नाही.

त्या पाहत राहिल्या. मग काकांना म्हणाल्या, "बिसनभाऊ, घाई नोको करू गा. जराशी आनखी जाऊ दे."

काकांनी वल्ही उचलून धरली आणि नाव आपल्या आपण जिथवर जाईल तिथवर जाऊ दिली. मी पाणी उपसत राहिले.