भाऊबीजेला दिलेली डिग्री

औशाला दाजींच्या हॉस्पिटलवर माझ्या नावाची पाटी लागली, तेव्हा तिचा फोटो काढायला मी मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी फार साळसूदपणाचा आव आणणार आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. दुसऱ्या पॅथीचे डॉक्टर, म्हणजे स्वतः ऑपरेशन करायची मुभा नाही. औशात त्यांची जुनी प्रॅक्टिस, हाताला गुण, तालुक्यात मान. मी नांदेडला जनरल सर्जन, पंधरा खाटांच्या हॉस्पिटलचा मालक, आणि लाईट गेली की जनरेटर चालू करणाराही मीच. 'जनरल' या शब्दाने माझं जन्माचं नुकसान केलंय. लोक पाटी वाचतात आणि काउंटरवर विचारतात, "अन् स्पेशल कधी बसतात?" हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताचे खडे, कुठलंही गळू, हे सगळं माझं खातं. माझ्या टेबलामागे चार फ्रेमा आहेत. एमबीबीएस, एमएस, कौन्सिलची नोंदणी आणि मुंबईला केलेल्या, दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनांच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ह्या चारही आजवर नीट वाचल्या त्या एकाच माणसाने, रंगाऱ्याने, कारण त्याला मागची भिंत रंगवायची होती. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची तर क्रेडिट पॉइंट लागतात. त्यासाठी मी कॉन्फरन्सला जातो, सही करतो आणि शेवटच्या रांगेत एसीखाली झोपतो. अशा रीतीने माझं ज्ञान ताजं राहतं.

तर, दाजींनी दवाखान्यावर मजला चढवला आणि ऑपरेशन थिएटर काढलं. त्याच्या नोंदणीच्या फाइलीत एका सर्जनचे कागद लागत होते. मी भाऊबीजेला औशाला गेलो. अक्काने ओवाळलं. मी पाकिटासाठी खिशात हात घातला, तर ती म्हणाली, "पाकीट राहू दे यंदा. तुझ्या सर्टिफिकिटाची झेरॉक्स दे."

सगळे हसले. मीही हसलो.

"नुसतं नाव रे," दाजी म्हणाले. "तुला यायचं बी काम नाही. आलास तर आनंदच हाय."

मी संमतिपत्रावर सही केली आणि वर करंजी खाल्ली. पाटी करणाऱ्याने माझ्या नावापुढे एम. एस. लिहून कंसात 'मुंबई' टाकलं. ते तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं, हे त्याला कोण सांगणार? मी तर नाहीच. ज्या गावच्या शाळेत मी गणितात काठावर पास झालो, त्या गावात मी आता मुंबईचा होतो. म्हणून तर फोटो.

पहिले काही महिने मी दर दुसऱ्या रविवारी गेलो. चार-पाच हर्निया केले, चांगले केले. मग नांदेडचं काम वाढलं, कंबर धरायला लागली, आणि जाणं बंद पडलं. नाव तिथंच राहिलं.

बायको कॉलेजात इतिहास शिकवते. तिने एकदा विचारलं, "तुम्ही तर जात नाही. मग तिथं ऑपरेशनं करतं कोण?"

"होत नसतील."

तिने चष्म्यावरून बघितलं. "थिएटर काय दिवे बघायला बांधलंय?"

मी वर्तमानपत्र उलटलं. या विषयावर तेव्हा आमच्यात झालेली चर्चा एवढीच.

गेल्या उन्हाळ्यात साठीच्या एक बाई ओपीडीत आल्या. सोबत मुदखेडला दिलेली लेक. बाई औसा तालुक्यातल्या खेड्यातल्या, घरची शेती. ऑपरेशन झाल्यावर आरामाला म्हणून लेकीकडे आलेल्या. खुर्चीत टेकता टेकता त्यांनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"वळखलं का डॉक्टर?"

"कसं वळखतील?" लेक म्हणाली. "त्यांना काय तू एकटीच हाईस?"

"तुम्हीच केलं की माझं आपरेशन. औशाला. तीन हप्ते झाले."

कार्डावर लिहिलं होतं: बेंबीचा हर्निया, जाळी बसवली. सर्जन म्हणून माझं नाव, एम. एस., मुंबईसकट. खाली माझी सही कोणीतरी माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात केलेली.

बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तवा तुम्ही बारीक दिसत होता. तीन हप्त्यात लई सुटलात."

"आई!"

"खोटं सांगू काय? तोंडाला मास्क होता, पर अंग दिसत होतं की."

लेक म्हणाली, "कार्डावर नाव बघितलं अन् म्हणलं, डॉक्टर तर नांदेडलाच बसतात. मग औशाला कशाला जायचं परत? लई पाणी येऊन राहिलंय टाक्यातून."

एका वाक्याचं काम होतं. बाई, हे ऑपरेशन मी केलेलं नाही. एवढं म्हणायचं आणि मग जखम बघायची. पण ते वाक्य तिथून उठून कुठं कुठं जाईल, ते मला दिसत होतं. लेकीचा नवरा, पोलीस, पेपर, आणि शेवटी अक्काचं दार. माझ्या स्वतःच्या नोंदणीचा विचार मी त्या क्षणी केला नाही असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. तो विचार मी सगळ्यात आधी केला.

"दाखवा," मी म्हणालो.

पोट लाल झालं होतं, बेंबीशी बोट लावलं की पू येत होता. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये घेतलं. जाळी आत पुवात तरंगत होती. मी ती काढताना टाक्यांच्या गाठी बघत होतो. गाठ मारायची प्रत्येकाची लकब असते. माझे सर लांबून गाठ बघून कोणत्या विद्यार्थ्याने मारली ते सांगायचे. या गाठी घाबरलेल्या माणसाच्या होत्या. तीन पुरतात तिथं सात-आठ, एकावर एक.

बाईंना मी सांगितलं की जाळी काढावी लागली. जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करायचं, ती खालून भरत येईल. हर्निया पुन्हा येणार, काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन लागेल. लेकीचं तोंड उतरलं. बाई मात्र म्हणाल्या, "व्हतं कधी कधी. सून बी एखाद्या वक्ताला भाकर जाळती. पर तुम्ही पळाला न्हाई. दुसरा असता तर म्हणला असता, माझा काय संबंध."

मी हातमोजे काढण्यात खूप वेळ घालवला.

मग रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. सकाळच्या गाडीने मायलेकी मुदखेडहून यायच्या. बाहेरच्या बाकावर बाई इतर पेशंटला माझी महती सांगायच्या, ती मला आत ऐकू यायची. "ह्यांनीच केलं, बिघडलं, अन् आता ह्येच रोज निस्तरून राहिले. माणूस खरा हाय." पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कुणी माझी एवढी जाहिरात केली नव्हती.

त्या रविवारी मी औशाला गेलो. दाजी खालच्या खोलीत एकटेच होते.

"कोणी केलं ते?"

"लातूरचे एक डॉक्टर येतात. हात लई चांगलाय."

"एमएस आहेत?"

"फायनलला बसलेत."

"कितव्यांदा?"

दाजी टेबलावरचे कागद सरळ करायला लागले. "का, तुझ्याकडं इन्फेक्शन होत नाही का कधी?"

होतं. मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर होता म्हणूनच मला जास्त राग आला. "दाजी, पण नाव माझं होतं."

"मग कोणाचं टाकायचं? फाइलीत तुझंच हाय."

हॉस्पिटलच्या वरच त्यांचं घर, तिथं अक्काने जेवायला वाढलं. तिला सगळं माहीत होतं हे तिच्या वाढण्यावरून कळत होतं. भाकरी ताटात ठेवत नव्हती, टाकत होती.

"तुझं नाव काय झिजलं का रे?" ती म्हणाली.

"अक्का, त्या बाईचं पोट..."

"तुझ्या बारावीच्या जर्नलातला बेडूक कोणी काढला?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"बेडूक, झुरळाची आतडी, काळजाचे चार कप्पे. सगळी चित्रं कोणी काढली? पेन्सिलीला टोक काढून काढून बोटं काळी व्हायची माझी. सरांनी लाल शाईत 'उत्तम' लिहिलं ते कोणाच्या नावावर? मी आले का तुझ्या कॉलेजात सांगायला?"

हे खरं होतं. अक्काचा हात फार सुरेख होता. तिचं शिक्षण दहावीला थांबलं आणि तिने काढलेल्या बेडकावर मी प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी घेतले. माझ्या भिंतीवरच्या चार फ्रेमांपर्यंत जो रस्ता येतो, त्याच्या सुरुवातीलाच तो बेडूक बसलेला आहे, आणि मी इतकी वर्षं त्याला सोयीने विसरलो होतो.

"तो बेडूक मेलेला होता, अक्का," मी म्हणालो. यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

"अन् ही बाई जित्ती हाय ना? मग झालं की."

मी म्हणालो, मी पत्र देणार आहे. माझं नाव काढून टाका म्हणून. दाजी जिन्यात उभे राहून ऐकत होते, ते खाली निघून गेले. अक्काने वरण वाढलं, पुन्हा वाढलं, मी नको म्हणेपर्यंत वाढत राहिली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. माझे दोन तिने उचलले नाहीत.

पत्र मी हॉस्पिटलची नोंदणी करणाऱ्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यात लिहिलं की आजपासून माझी संमती मागे घेत आहे. 'आजपासून' हा शब्द मी फार विचार करून टाकला. शूर माणसाने मागचंही लिहिलं असतं, त्या कार्डावरच्या सहीचंही. मी पोस्टातून पावती घेतली, नीट घडी घालून ठेवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की झालं एकदाचं.

"त्या बाईला सांगितलं?" तिने विचारलं.

"जखम भरू दे. आता कशाला त्रास द्यायचा?"

"कुणाला?" एवढंच म्हणून ती पेपर तपासायला बसली.

आणखी काही दिवस गेले. जखम खालून गुलाबी, स्वच्छ भरत आली. असं भरणं बघायला मिळालं की सर्जनला आतून बरं वाटतं, मलाही वाटत होतं. एका सकाळी मी ड्रेसिंग करत असताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, फुडलं आपरेशन बी तुम्हीच करायचं. जावई म्हणून राहिलेत हैदराबादला नेऊ. मी म्हणलं, न्हाई. मला ह्याच हाताचं पाहिजे."

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. आधीच्या सगळ्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते त्या वाक्याने जमवलं. त्या माझ्या हातावर पुन्हा पोट सोपवायला निघाल्या होत्या, आणि तो हात कोणता हेच त्यांना माहीत नव्हतं.

"औशाचं ऑपरेशन मी केलेलं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी मी तिथं नव्हतोच."

लेकीने आधी आईकडे बघितलं. बाई छताकडे बघत होत्या.

"मग नाव कसं आलं?" बाईंनी छताकडे बघतच विचारलं.

"मी दिलं होतं. बहिणीच्या घरचं हॉस्पिटल आहे. कागदाला सर्जन लागतो."

"म्हणजे पहिल्या दिवशी मी कार्ड ठिवलं, तवा तुम्हाला मालूम होतं?"

"हाव."

बाई हळूहळू उठून बसल्या. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. "मी रोज बाहीर बसून सगळ्यांला सांगून राहिले, माणूस खरा हाय म्हणून. अन् तुम्ही आत बसून ऐकून राहिले."

"पट्टी तरी लावू द्या. अर्धं राहिलंय."

"लेक लावल." त्यांनी पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला. "चल गं."

लेक दारात एकदा थांबली. ट्रेमधली उरलेली पट्टी उचलून घेतली आणि आईमागे गेली. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी विचारलं, आज लवकर झालं का मावशी? त्यावर बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी कान दिला होता.

गंमत अशी की मी बिघडवलं असं त्यांना वाटत होतं, तोवर त्यांचा माझ्यावर भरवसा होता. मी बिघडवलं नाही हे कळलं आणि तो गेला. मी हे बायकोला फार दुखावल्या सुरात सांगितलं. ती म्हणाली, "यात गंमत कुठंय?"

दोनेक महिन्यांनी नांदेडच्याच एका सर्जनचा फोन आला. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, भेटला की आदराने बोलणारा.

"सर, तुमची एक पेशंट आलीय माझ्याकडे. हर्नियाची. जखम सुरेख भरलीय, सर. पुढचं ऑपरेशन माझ्याकडे करायचं म्हणतात. त्या तुम्हाला फोन करू नका म्हणत होत्या, पण मी म्हटलं विचारलेलं बरं. दोन्ही कागदांवर तुमचंच नाव आहे. जाळी तुम्हीच घातली आणि तुम्हीच काढली?"

"काढली मी. घातली लातूरच्या एका डॉक्टरने. त्यांचं एमएस व्हायचं होतं."

"मग औशाच्या कार्डावर तुमचं..."

"ते मी वापरायला दिलं होतं."

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मी वाट बघत होतो की तो हसेल, किंवा म्हणेल, चालतं सर, सगळीकडे चालतं. मी त्या जागी असतो तर असंच काहीतरी म्हणालो असतो.

"ठीक आहे, डॉक्टर," तो म्हणाला. फोन उचलला तेव्हा मी 'सर' होतो.