उजव्या चाकाचा दोष

उजवं चाक वर जायचं, पण वर टिकायचं नाही. लोखंडी घोड्यांवर उचलून धरलेल्या विमानात बसून दादा बटण दाबायचे, पंप घुरघुरायचा, तिन्ही चाकं पोटात शिरायची, आणि दहा मिनिटांत उजवं हळूहळू लोंबायला लागायचं. मग पंप आपोआप सुरू होऊन ते पुन्हा वर घ्यायचा. तासाभरात पंप इतका तापायचा की हात लावता येत नसे.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. जन्मभर जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त होऊन कोरगावला आले आणि काजूच्या बागेतल्या शेडमध्ये परदेशातून सुटे भाग मागवून दोन माणसांचं विमान जोडायला बसले. त्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात भाग बनवणारी कंपनी बंद पडली, वहिनी गेल्या, आणि दादांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. वैमानिकाच्या फिटनेसचा कागद डॉक्टरने दिवाळीपर्यंतच दिला, पुढे मिळणार नाही हेही सांगून टाकलं. तेव्हा उडायचं तर दिवाळीच्या आत. चाकं खालीच जाम करून उडावं, तर मंजुरीचे कागद पुन्हा पहिल्यापासून. स्वतः जोडलेल्या विमानातून एकदा वर जायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

मी शिरगावच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर चोवीस वर्षं हायड्रॉलिकचा मेकॅनिक होतो. खाण बंद पडली तरी माझा तोरा बंद पडला नाही. डंपरचा अख्खा हौदा उचलणारे जॅक मी उघडून बसवलेत, या खेळण्याच्या चाकात काय असणार, असं म्हणतच डिचोलीहून स्कूटर काढली.

पहिले दोन दिवस बाहेरची गळती शोधण्यात गेले. प्रत्येक जोड पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली. कुठेही ओल नाही. मग पाइपांतली हवा काढली. फरक शून्य. तिसऱ्या दिवशी उजव्या सिलिंडरची परतीची नळी सोडली, दादांना पंप चालवायला सांगितलं आणि नळीच्या तोंडाखाली वाटी धरली. थेंब थेंब ऑइल पडायला लागलं. म्हणजे सिलिंडरच्या आतलं सील दाब धरत नव्हतं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं म्हणून मला इतका आनंद झाला की आम्ही दोघांनी उंडा पाव आणि भाजी अगदी लग्नातल्या जेवणासारखी खाल्ली.

नवं सील घातलं. दोन दिवस चाक वर राहिलं. तिसऱ्या दिवशी लोंबलं. पुन्हा उघडलं, तर सील कापलं गेलेलं, आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे. नखाला लागत होते. डिचोलीतल्या लेथवाल्याकडून आतून घासून घेतले. ओरखडे खोल होते, पुरते गेले नाहीत. अजून घासलं तर सील सैल बसणार. तिसरं सील एक दिवसही टिकलं नाही. त्या मापाचा सिलिंडर जगात कुठे मिळेना.

ओरखडे आले कुठून, हा प्रश्न मला सुचायला एवढे दिवस लागले. दादा पोदेराकडे पाव आणायला गेले होते. मी टाकीतलं सगळं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळलं. विमानाचं ऑइल मुळातच लाल असतं, कोकमाच्या सरबतासारखं. त्यात काही मिसळलं तर डोळ्यांना दिसत नाही. फडक्यावर बारीक, जड, तांबूस पूड राहिली. बोटावर घेऊन चोळली. चोवीस वर्षं जी धूळ मी नाकातून शिंकरली, ती ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऑइल मीच भरलं होतं, खाणीवरच्या माझ्या नरसाळ्यातून. "भावोजी, गाळून घालूया काय?" असं दादांनी विचारलंही होतं. "ही काय चाय आसा?" म्हणून मी त्यांना हसलो होतो. खाणीवर नरसाळं फडक्याने पुसायचं आणि ओतायचं, हीच आमची रीत. तिथल्या मशीनचे फिल्टर घागरीएवढे, सगळं गिळतात. इथे चहाच्या गाळणीहून लहान जाळी होती.

दादा पाव घेऊन आले. "काय गावला?" त्यांनी विचारलं.

फडकं मी खिशात कोंबलं होतं. "सिलिंडरच वायट," मी म्हणालो. "कंपनीतसूनच तसो इलो."

का बोललो असं? लाज वाटली, दुसरं काही नाही. सासरच्या माणसांत माझ्या हातांचंच काय ते कौतुक होतं. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बंद पडलेल्या कंपनीला सावकाश, सभ्य शिव्या दिल्या. खरं सांगायला त्यानंतर कितीतरी दिवस होते. रोज मी उद्यावर ढकललं.

दिवाळी आली आणि गेली. फिटनेसचा कागद संपला. मोप्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं कोरगाववरून चाकं बाहेर काढून जातात. दादा अंगणात मान वर करायचे आणि मला विचारायचे, उतरली का तिन्ही? त्यांना आता नुसता आवाज कळत होता.

गेल्या महिन्यात त्यांनी मला मोबाइल दिला आणि टाइप करायला सांगितलं. हेच विमान जोडणारे दहा-बारा जण जगभर आहेत, त्यांना इशारा द्यायचा होता: सिलिंडर कंपनीकडूनच सदोष आहे, त्याच्या भरवशावर कोणी उडू नये. "तुमचा नाव घाला," दादा म्हणाले, "तुमी बघलास म्हटल्यार लोक मानतले." मी नाव घातलं आणि पाठवलं.

तिसऱ्या दिवशी एकाचं उत्तर आलं. तो त्याच आठवड्यात पहिल्यांदा उडणार होता. आमचा निरोप वाचून त्याने बेत रद्द केला होता आणि चाकं खोलून ठेवली होती. मी मोठ्याने वाचलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच दादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"एक तरी जीव वाचलो, भावोजी," ते म्हणाले. "आमचा फुकट गेला नाय."

"होय," मी म्हणालो.

उत्तर तिथे संपत नव्हतं. खाली त्या माणसाने लिहिलं होतं की त्याचं वय शहात्तर आहे, आणि दुसरे सिलिंडर कुठे मिळतील ते आम्हाला ठाऊक असेल तर कळवावं. ते मी वाचून दाखवलं नाही.