भाऊजींचा मेंढपाळ

आमच्या भाऊजींइतका गुणी आणि तितकाच वैताग आणणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. वर्ध्याच्या एका चर्चने त्यांना खिडकीसाठी रंगीत काचांच्या चित्राचं काम दिलं: खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. आधी खिडकीच्याच मापाचं चित्र जाड कागदावर काढायचं, मग नागपूरचा कारागीर त्यावरून काचा कापणार. खिडकी दोन पुरुष उंच, आणि सिंदीच्या आमच्या घरात एवढी लांब जागा फक्त माझ्या बैठकीत. झालं! दिवाण ओसरीवर गेला, टीव्ही भिंतीकडे तोंड करून बसला आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून आडवे चालू लागलो. दारात पाहुणा दिसला की भाऊजी ओरडत, "कोकरावर पाय नोका देऊ जी!" पाहुणा घाबरून खाली बघायचा आणि नेमका मेंढपाळाच्या पोटावर पाय द्यायचा.

मेंढपाळाचा खांदा काही केल्या जमेना. तेवढ्यात सिलिंडरवाला आला.

"उतरवू नको! असाच उभा राह्य!"

"भरेल हाय जी सर," तो कळवळला.

"म्हणूनच त मान बरोबर वाकली!"

त्यानंतर तो सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून पळू लागला.

चित्र पूर्ण झालं, असं भाऊजी सोडून सगळ्यांना वाटत होतं. ते रोज सकाळी एक बोट खोडत आणि संध्याकाळी तेच पुन्हा काढत. चर्चमधून फादरचा फोन आला की म्हणत, "डोळा अजून बोलत नाई." शेवटी माझा संयम संपला.

"भाऊजी, काऊन अडवून राह्यले? देऊन टाका ना आता!"

ते हळूच म्हणाले, "वयनी, ह्याच रेघांवरून कागद कापा लागते. जेवढ्या काचा, तेवढे तुकडे. मंग चित्र राह्यत नाई."

कारागिरानं तुकडेच कापून पाठवायला सांगितलं होतं. रविवारी भाऊजींनी कात्री आणून माझ्या हातात दिली.

"तुमीच कापा. मायाच्यानं नाई होत."

ते अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी मेंढपाळाच्या उशाशी बसले. इतके दिवस त्याला चुकवत चालले, पण त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. मान थकलेली, आणि तरी ओठांवर हसू.

"झालं का, वयनी?" बाहेरून आवाज आला.

कात्री अजून कागदाला लागलीही नव्हती.

"झालं," मी म्हटलं.